मोका तपासणीच्या दिवशी ट्रॅक्टर चालवूनही बघा

मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस



मी पुरंदर तालुक्यातला. नोकरीचा सगळा काळ राज्य शासनाच्या एका कार्यालयात टिपण्या लिहिण्यात गेला. ५८ पूर्ण झाली, नियमाप्रमाणे निवृत्त झालो आणि वडिलोपार्जित ४ एकरांत लहान ट्रॅक्टर घेऊन शेती करू लागलो. सीताफळाची बाग आहे, थोडं अंजीर आहे, पावसाळ्यात वाटाणा आणि रब्बीला ज्वारी.

हे पत्र अनुदान मिळालं नाही म्हणून लिहिलेलं नाही. सुरुवातीलाच सांगतो, कारण आपल्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक पत्रांचा विषय तोच असणार. दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणाऱ्याला पीएम-किसानचा हप्ता मिळत नाही, तसा तो मलाही नाही, आणि ते बरोबरच आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. शासन ट्रॅक्टर घ्यायला पैसे देतं, पण तो चालवायला कुणी शिकवत नाही. गावोगावी साठी ओलांडलेली माणसं आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसू लागली आहेत, आणि त्यांच्यासाठी हे शिकवणं आता टाळता येण्यासारखं राहिलेलं नाही.

अनुदानाची रीत आपल्याला पाठ आहे, वाचकांसाठी सांगतो. महाडीबीटीवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल वर चढवायचं आणि शेवटी मोका तपासणी. सहायक कृषी अधिकारी येतात (गावाच्या तोंडी ते अजून कृषी सहायकच आहेत), इंजिन नंबर आणि चासी नंबर बिलाशी ताडून बघतात, ट्रॅक्टरशेजारी शेतकऱ्याला उभं करून फोटो काढतात. फोटोवर अक्षांश-रेखांश उमटतात. ट्रॅक्टरला हार, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, शेतकऱ्याच्या डोक्यावर ठेवणीतली टोपी. आमच्या वाडीवर असे सोहळे मी पाहिले आहेत. एकातही ट्रॅक्टर सुरू झालेला पाहिला नाही. त्या मॉडेलची सरकारमान्य केंद्रात चाचणी झालेली असते. ओढण्याची ताकद, डिझेलचा खप, ब्रेक, आवाज, हादरे असं सगळं मोजून अहवालात येतं, आणि तो अहवाल असल्याशिवाय अनुदान नाही. उद्या जो माणूस त्यावर बसून ताली-बांधांच्या रानात नांगरट करणार, त्याला मात्र कुणी म्हणत नाही की दादा, जरा गिअर टाकून दाखवा.

कायद्यालाही त्याची गरज वाटत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे रिकामं वजन ७,५०० किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनातच मोडतो. म्हणजे चारचाकीचं लायसन खिशात असलं की माणूस ट्रॅक्टरचालक झाला. ज्याने सारी हयात कोथरूड ते कचेरी एवढीच गाडी हाकली, तो निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी उतारावर रोटाव्हेटर लावून फिरू शकतो, आणि त्यात बेकायदा काही नाही. वयाच्या ५५ नंतर लायसन दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागतो, हे खरं. पण तो दाखला डोळ्यांबद्दल, कानांबद्दल, प्रकृतीबद्दल बोलतो. पीटीओबद्दल, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून अवजाराला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्याबद्दल, नाही.

आता ही म्हातारी माणसं यात का पडतात, तेही सांगायला हवं. नाहीतर कुणी म्हणेल, पेन्शन घ्या आणि देवळात बसा.

कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ साली राज्यात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकर. एवढ्या तुकड्यावर तरुण माणूस संसार उभा करत नाही. तो चाकणला जातो, हिंजवडीला जातो, आणि त्यात त्याची चूक नाही. वाट्याने द्यावी तर कूळ लागण्याची धास्ती. कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं, त्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला ७० वर्षं होत आली, तरी आमच्याकडे लेखी करार म्हटला की घरातली थोरली माणसं हात आखडतात. तोंडी दिली, तर कसणाऱ्याला धड कर्ज मिळत नाही की विमा. मग जमीन पडीक राहते किंवा कुणीतरी पेन्शनर तिच्याकडे परत येतो. आमच्या शिवारात असे शिक्षक आहेत, एसटीचे कंडक्टर आहेत, बँकेतले रोखपाल आहेत. फौजेतून आलेलेही आहेत, पण ते लवकर निवृत्त होतात, आणि खरं सांगायचं तर यंत्र त्यांनाच नीट हाताळता येतं.

बैलजोडीचा विचार यातल्या प्रत्येकाने करून झालेला असतो. बैल ठेवायचे म्हणजे वर्षभर वैरण, शेणघाण आणि पहाटे उठणारा माणूस. मुलीकडे चार दिवस राहायला जाता येत नाही. ट्रॅक्टर महिनाभर शेडमध्ये उभा राहतो, फार तर बॅटरी उतरते. पोळ्याला हल्ली त्यालाच झूल घालतात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. मला पहिल्या वर्षी ते हास्यास्पद वाटलं, आता नाही वाटत.

हिशेब मात्र ट्रॅक्टरच्या बाजूने नाही. लिपिक असल्यामुळे तो मी आधी मांडला होता. अवजारांसह लहान ट्रॅक्टर ५ लाखांचा धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडा दिलासा मिळाला. तेच ५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर सध्याच्या ८.२ टक्के दराने वर्षाला ४१,००० रुपये व्याज येतं. चार एकरांची नांगरट, रोटाव्हेटर, सऱ्या, पेरणी असं सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घेतलं, तरी आमच्याकडे खर्च त्याच्या आतच राहतो. ट्रॅक्टर परवडायचा तर वर्षाला हजार तास चालावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. माझा शंभर तासांच्या आसपास घुटमळतो. माझ्यापुढे ही फाइल आली असती तर मी “अमान्य करण्यास हरकत नसावी” असं लिहून वर पाठवली असती.

पण फाइलमध्ये वाफसा नसतो. मृगाचा पाऊस पडून गेला की रानाला वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येतो आणि हलक्या रानात तो दोन-तीन दिवसांत निघूनही जातो. त्या दोन दिवसांत सगळ्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. भाड्याचा ट्रॅक्टरवाला आधी कुठे जाणार? जिथे एका जागी दहा एकर आहेत तिथे. चार एकर, त्यातही तीन तुकडे, वळायला जागा नाही, बागेत फांद्या लागतात, अशा माणसाकडे तो पाचव्या दिवशी येतो. तोवर रान एकतर वाळून ढेकळं झालेलं असतं किंवा पुन्हा पाऊस होऊन चिखल झालेला असतो. भाड्याने यंत्रं देणाऱ्या अवजार बँकेची कल्पना चांगली आहे, उन्हाळी नांगरटीला तिचा उपयोगही होतो, पण वाफशाच्या दोन दिवसांत बँकेतही रांगच लागते. वाटाण्याची पेरणी आठवडाभर मागे पडली की सगळ्यांचा माल बाजारात येतो तेव्हाच आपलाही येतो. भाव काय मिळतो ते सासवडच्या बाजारात कुणालाही विचारावं. थोडक्यात, आम्ही पाच लाख मोजतो ते कामाच्या वेळेसाठी. कुणी कितीही समजावलं तरी माणसं ट्रॅक्टर घेणार, आणि शासनाने अनुदान दिल्यावर तर घेणारच.

विक्रेत्याकडचा मुलगा ट्रॅक्टर पोचवायला येतो तेव्हा गिअर कुठे, लिफ्ट कशी उचलायची, पहिली सर्व्हिस कधी एवढं सांगतो, नारळ फोडतो आणि जातो. जे तो सांगत नाही, तेच जीवावर बेततं.

उदाहरणार्थ ब्रेक. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी ब्रेकचे दोन पेडल असतात, एक डाव्या मागच्या चाकाचा, एक उजव्याचा. शेतात आखूड वळण घेताना एकच दाबायचा असतो. रस्त्यावर येताना दोन्ही एका खिट्टीने जोडून टाकायचे असतात. ती खिट्टी बहुतेकांच्या ट्रॅक्टरला गंज चढून उघडीच पडलेली असते. रस्त्यावर वेगात असताना अचानक समोर म्हैस आली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो आणि कलंडतो. मोटार चालवून आलेल्या माणसाला हे ठाऊक असण्याचं कारणच नाही. मोटारीला असं काही नसतं.

दुसरं, मागे उलटणं. ट्रॅक्टर चिखलात रुतला, मागची चाकं जाम झाली आणि चालकाने पुढचा गिअर टाकून जोर दिला, तर इंजिनाची ताकद चाकं फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचं धूडच मागच्या ॲक्सलभोवती वर उचलते. पुढची चाकं हवेत जातात. माणसाला काय होतंय ते कळेपर्यंत ट्रॅक्टर त्याच्या अंगावर आलेला असतो. हे दीड-दोन सेकंदांचं काम आहे. चाकाला ओंडका बांधून बाहेर काढण्याची जी युक्ती गावागावात चालते, ती हेच घडवून आणते. ओढायची साखळी खालच्या हुकाऐवजी वर टॉप लिंकच्या जागी अडकवली तरी हेच. रुतलेला ट्रॅक्टर मागच्या गिअरमध्ये काढावा, नाहीतर दुसऱ्याला बोलावून ओढून घ्यावा, एवढं एक वाक्य प्रत्येकाला सांगितलं तरी पुष्कळ आहे.

बागेसाठी घेतलेले लहान ट्रॅक्टर रुंदीला मुद्दाम कमी असतात, सीताफळाच्या दोन ओळींत शिरता यावं म्हणून. त्यामुळे आडव्या उतारावर ते लवकर कलंडतात. अनेक मॉडेलांची चाकं उलटी बसवून रुंदी वाढवता येते. बागेतलं काम संपवून उघड्या रानात जायचं असेल तर ते करावं. माझ्या ओळखीतल्या किती मालकांना हे माहीत आहे, तर जवळजवळ कुणालाच नाही.

आणि पीटीओ. त्याचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. त्यावरचं प्लास्टिकचं कवच पहिल्या वर्षीच फुटतं आणि कुणी बदलत नाही. आमच्या पिढीची माणसं अजून धोतर नेसतात, खांद्यावर उपरणं टाकतात. बायका पदर खोचून कडब्याच्या कुट्टीला हात लावायला पुढे येतात. कापडाचं टोक शाफ्टला लागलं की ओढून घ्यायला वेळच उरत नाही. गावात कुट्टी चालू असताना मी लांबून ओरडलो तर ऐकू येत नाही. ट्रॅक्टरवरच्या माणसाचे कान एव्हाना कमी झालेले असतात, वर त्याने मोठा साउंडबॉक्सही बसवलेला असतो.

वयाचा भाग डॉक्टर सांगतील, पण काही गोष्टी चालवणाऱ्यालाच कळतात. अवजार मागे असतं, त्यामुळे मान सतत मागे वळवावी लागते. ज्यांच्या मानेचे मणके झिजले आहेत त्यांना अर्ध्या तासात चक्कर येते. रक्तदाबाची गोळी घेतल्यावर एकदम उठून खाली उतरलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहाची गोळी घेऊन, उपाशीपोटी, “एवढं सारं संपवूनच जेवू” म्हणत बसणारे मी पाहिले आहेत. उतरताना बहुतेक जण जिना उतरल्यासारखे तोंड पुढे करून उतरतात. तोंड ट्रॅक्टरकडे ठेवून, हात धरून उतरायचं असतं. यातलं काहीही कठीण नाही. शिकवलं तर अर्ध्या दिवसात कळतं.

उलटलेल्या ट्रॅक्टरखालून माणूस वाचवायचा उपाय जगाला केव्हाच सापडला आहे. सीटच्या मागे पोलादी चौकट आणि कमरेला पट्टा. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना ही चौकट सक्तीची केली, पुढे जुन्यांनाही लागू केली, आणि तिथे ट्रॅक्टर उलटून माणूस मरणं जवळजवळ थांबलं. भारतात तयार होऊन अमेरिकेत जाणाऱ्या ट्रॅक्टरांना ती असते. बागेत फांद्यांना अडू नये म्हणून दुमडणारी चौकटही मिळते. आपल्या गावात येणारे बहुतेक ट्रॅक्टर मात्र उघडेच येतात. वर हौसेने पत्र्याचं छत बसवतात, त्यालाच लोक संरक्षण समजतात. ते ऊन अडवतं. आणि हेही सांगायला हवं की चौकट नसेल तर पट्टा बांधू नये. पट्टा माणसाला सीटवर धरून ठेवतो, आणि चौकटीविना उलटणाऱ्या ट्रॅक्टरवर सीट हीच सगळ्यात वाईट जागा.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आळेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या सात मजूर बाया ट्रॅक्टर-ट्रॉलीसह विहिरीत पडून गेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या. त्या अपघाताची कारणं तपासणाऱ्यांनी तपासली असतील. पण आपल्याकडे विहिरींना कठडे नसतात, ट्रॉलीत माणसं बसतात आणि चालवणाऱ्याला मागच्या वजनाचा अंदाज कुणी दिलेला नसतो, हे कुठल्याही तालुक्यात जाऊन बघता येईल.

आता मागणी. केंद्राच्या ज्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून हे अनुदान येतं, त्याच्या पहिल्याच घटकाच्या नावात प्रशिक्षण, चाचणी आणि प्रात्यक्षिक हे तीन शब्द आहेत. म्हणजे नवी योजना काढायला नको, आहे ती पूर्ण राबवायची आहे. केंद्राच्या शेती यंत्रांच्या प्रशिक्षण व चाचणी संस्था बुधनी, हिसार, गारलदिन्ने आणि विश्वनाथ चारिआली इथे आहेत. त्यातली एकही महाराष्ट्रात नाही, आणि साठीतल्या माणसाला शिकायला मध्य प्रदेशात जा म्हणण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे अनेक आयटीआयमध्ये “मेकॅनिक ट्रॅक्टर” हा ट्रेड आहे. तिथे ट्रॅक्टर आहेत, निदेशक आहेत, मैदान आहे. उन्हाळ्यात आयटीआय आणि कृषी विज्ञान केंद्र यांनी मिळून दोन दिवसांचं शिक्षण द्यावं, आणि अनुदानाचा हप्ता ते पूर्ण केल्यावर सुटावा. ज्याने स्वतःच्या पैशाने घेतला त्यालाही ते खुलं असावं. अर्जात बायकोचं नाव असेल तर शिकायला तिनेच यावं, मुलाने किंवा नवऱ्याने नाही. बायकांच्या नावावर यंत्र आणि हातात खुरपं, हे आपल्या अनुदानाच्या यादीत किती ठिकाणी आहे ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

चौकट, पट्टा आणि पीटीओचं कवच यांनाही अनुदानात वेगळं स्थान द्या. ज्या ट्रॅक्टरला चौकट नाही त्याला अनुदान कमी, असलेल्याला जास्त, एवढा फरक केला तरी कंपन्या एका हंगामात चौकटी बसवून आणतील.

एक विनंती जपून करतो, कारण मी कागदांच्याच खात्यात होतो. या शिक्षणाचं प्रमाणपत्र वर चढवायला लावू नका. “प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला” अशी नोंद अर्जात आली की पंधरवड्यात तो तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळू लागेल, आणि ज्याला खरोखर शिकायचं आहे त्याचा अर्ज दाखला अस्पष्ट म्हणून परत येईल. त्यापेक्षा परीक्षा मोका तपासणीच्याच दिवशी घ्या. अधिकारी आलेलेच असतात. शेतकऱ्याला वर चढू द्या, ब्रेकची खिट्टी दाखवायला सांगा, ट्रॅक्टर सुरू करून बांधापर्यंत नेऊन मागच्या गिअरमध्ये परत आणायला सांगा, पीटीओ बंद कसा करतात ते विचारा. दहा मिनिटं जातील. न जमलं तर अनुदान रद्द करू नका, पुढची तारीख द्या. फोटो त्यानंतर काढा, तो सीटवर बसलेला असताना.

आमच्या तालुक्यात हे करून बघायचं असेल तर मे महिना सोडू नये. जूनमध्ये वाफसा आला की आमच्यापैकी कुणीही शिकायला येणार नाही.

कळावे,
आपला,
पुरंदर तालुक्यातील एक निवृत्त लिपिक, सध्या शेतकरी